उंच बॉनेटची जीप: मराठवाड्याच्या रानात सीजे-३बी

रानात जायला, पाणंदीने फिरायला गाडी हवी असेल आणि महिन्यातला एखादा रविवार तिच्याखाली आडवे पडायची तयारी असेल, तर सीजे-३बी ही जुनी जीप खुशाल घ्यावी. लातूरहून पुण्याला आठवड्यातून दोनदा जायचे असेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. हे आधीच सांगायचे कारण असे की फोटो पाहून जुनी जीप उचलणारे आणि सहा महिन्यांत ती लिंबाखाली उभी करणारे लोक मराठवाड्यात कमी नाहीत. दोष गाडीचा नसतो. घेताना काय पाहायचे, हे कोणी सांगितलेले नसते.

आराखडा अस्सल अमेरिकन. १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने पहिला नमुना उभा केला. १९४१ पासून ओहायोतल्या टोलेडो शहरात विलिज-ओव्हरलँडने ती एमबी या नावाने आणि १९४२ पासून फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने बनवली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बाहेर पडल्या होत्या. युद्धानंतर शेतकऱ्यासाठी सीजे-२ए (सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप) आली, मग ३ए, आणि १९५३ मध्ये ३बी. अमेरिकेत ३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीसच विलिजच्या जीपा जोडायला सुरुवात केली होती आणि उंच बॉनेटची जीप अमेरिकेत बंद झाल्यावरही इथे कित्येक वर्षे निघत राहिली. पंचायत समितीच्या दारात, सिंचन खात्याच्या आवारात, साखर कारखान्याच्या शेतकी विभागात जी जीप दिसायची ती हीच. म्हणून आज एमबी शोधणे कठीण आणि महाग, पण ३बी जालना, बीड, परभणीत अजून सापडते.

बॉनेट उंच का, हे समजले की अर्धी गाडी समजली. आधीच्या जीपांचे ‘गो डेव्हिल’ इंजिन बुटके होते, कारण त्याचे इनलेट आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत. ३बीमध्ये ‘हरिकेन’ इंजिन आले. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिला, पण इनलेट वर हेडमध्ये गेला. इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर उचलावे लागले. क्षमता तीच, २१९९ सीसी. ताकद मात्र ६० वरून ७५ अश्वशक्तीवर गेली आणि टॉर्क २००० आरपीएमलाच सुमारे १५४ न्यूटन-मीटर मिळू लागला. आजच्या गाड्यांपुढे हे आकडे फिके वाटतील, पण या गाडीची खरी ताकद गिअरमध्ये आहे.

गणित करून पाहा. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो २.४६ आणि अॅक्सलचा ५.३८ यांचा गुणाकार ३७ येतो. म्हणजे इंजिन १००० आरपीएमवर फिरत असताना ६.००-१६ च्या टायरवर गाडी ताशी पावणेचार किलोमीटरने, माणसाच्या चालीने जाते. क्लच दाबून धरायची गरज नाही, एक्सलरेटरवर पाय ठेवायची गरज नाही. ओढ्याचा उतार असो, दगडी बांध असो किंवा अजिंठा डोंगराच्या बाजूची मुरमाड चढण असो, लो लावून पाय काढून घेतला तरी गाडी आपली आपण चढते. उतरतानाही इंजिनच ब्रेक धरते. साध्या गाड्यांना हे जमत नाही, आणि कितीतरी नव्या फोर बाय फोरनाही इतक्या संथपणे जमत नाही.

काळ्या मातीबद्दल मात्र खोटी आशा बाळगू नये. दोन दिवस लागून पाऊस झालेल्या भारी रानात कोणतीच जीप जात नाही. टायरच्या खाचा मातीने भरतात आणि चाक गुळगुळीत गोळ्यासारखे फिरत राहते. वर बोटभर चिखल आणि खाली घट्ट थर असेल तेव्हा अरुंद ६.०० चे, आडव्या खोल नक्षीचे टायर वरचा चिखल कापून खालचा थर पकडतात. हवा एरवी २६ ते ३० पौंड, चिखलात १८ पर्यंत उतरवावी. रुबाबासाठी बसवलेले रुंद टायर याच्या नेमके उलटे वागतात. ते चिखलावर तरंगतात, वळताना पाट्याला घासतात आणि पुढचे चाक ज्यावर वळते त्या किंगपिनच्या बेअरिंगांचे आयुष्य खातात. विक्रीला ठेवलेल्या जीपला रुंद टायर दिसले की पुढचा अॅक्सल दुप्पट काळजीने तपासावा.

ओळख पटवणे

बाजारात सर्वात मोठी फसवणूक ओळखीचीच होते. ‘१९४२ ची विलिज’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या म्हणजे नवी पत्र्याची बॉडी, कोणत्या तरी महिंद्राची चासी आणि तिसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन. हरियाणातले मंडी डबवाली अशा जीपा बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर हुशार आहेत, पण त्यांची गाडी नवी बांधलेली आहे आणि तिची किंमत त्याच हिशोबाने ठरवावी.

टेप घेऊन जावे. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधले अंतर ८० इंच भरले पाहिजे. ९१ इंच भरले तर ती महिंद्राच्याच एमएम ५४०च्या घराण्यातली आहे. ती गाडीही कामाची, पण वेगळी. जाळीतल्या उभ्या फटी मोजाव्यात: लष्करी एमबीला नऊ, सीजेला सात. एमबीला मागे उघडणारा दरवाजा नव्हता आणि स्टेपनी मागे असे. सीजेला मागे फळी आहे आणि स्टेपनी बाजूला. बुटक्या बॉनेटखाली हरिकेन इंजिन बसतच नाही. तसे कोणी दाखवले तर एक तर बॉनेट बदललेले आहे किंवा इंजिनाच्या माउंटिंगशी छेडछाड झालेली आहे. शेवटी चासी नंबर घासून, दिव्याखाली वाचावा आणि आरसीशी एकेक अंक जुळवावा. नंबराभोवती वेल्डिंगची रेघ दिसली तर पुढे बोलणीच करू नयेत.

आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल ही भानगडही नेहमीची. आपल्याकडे प्यूजोचे २.१ लिटर डिझेल इंजिन जीपा आणि कमांडरमध्ये वर्षानुवर्षे चालले. त्यामुळे पेट्रोल काढून ते बसवणे स्वस्त पडले. पण इंधन बदलल्याची नोंद नसेल तर फिटनेसला गाडी अडते.

इंजिन

थंड इंजिनावरच तपासणी करावी. विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचे मोजावे. फरक १० पौंडांच्या आत हवा. एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन पडलेले असेल तर बहुतेक वेळा जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह निघतो, आणि त्याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. इनलेटचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट जिथे लावतात तो भाग) वरचे कव्हर काढले की समोर असतात, म्हणून मिस्त्री ते नेमाने लावतो. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या डाव्या बाजूच्या झाकणामागे, मॅनिफोल्डखाली दडलेले आहेत. तिथे हात घालणे कटकटीचे, म्हणून ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. फट कमी होत गेली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कडेने जळतो. थंड इंजिनावर इनलेटला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच फट ठेवावी. ‘टॅपेट लावले’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीला खालचे लावले का, हे विचारावेच.

प्लगची फट ०.०३० इंच, पॉइंटची ०.०२० इंच, फायरिंग १-३-४-२. टायमिंगचा मोठा गिअर फायबरचा असतो. तो झिजला की आयडलवर पुढून खडखड ऐकू येते आणि टायमिंग एका जागी राहत नाही. मागच्या मेन सीलमधून ऑईलचा थेंब पडणे या वयात चालेल, धार नको. गरम इंजिनाला आयडलवर १० पौंड आणि चालत्या वेगात ३० च्या पुढे दाब दिसला तर खालचा भाग ठीक समजावा.

मराठवाड्यात या इंजिनाची खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४२-४३ वर गेला की दोन तक्रारी सुरू होतात, आणि लोक दोन्हींना ‘गाडी तापते’ असे एकच नाव देतात. उपाय मात्र वेगळे आहेत.

पहिली तक्रार पाण्याची. कूलिंगमध्ये दहा-अकरा लिटर पाणी बसते आणि गावोगावी ते बोअरचे भरलेले असते. क्षार ब्लॉकच्या तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरांभोवती बसतात. रेडिएटर नवा घातला तरी इंजिन तापतच राहते, कारण गाळ ब्लॉकमध्येच असतो. रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही नळ उघडून पाहावेत. ब्लॉकच्या नळातून पाणीच आले नाही तर तार घालून भोक मोकळे करावे. मग थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या दाबाने उलट दिशेने धुवावे. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरावे, बोअरचे पाणी पुन्हा घालू नये. थर्मोस्टॅट फेकून देण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने इंजिन हिवाळ्यात थंडच राहते आणि ऑईलमध्ये पेट्रोल उतरते.

दुसरी तक्रार पेट्रोलच्या वाफेची. गाडी चालताना ठीक असते, बाजारात दहा मिनिटे उभी केली की सुरू होत नाही. पेट्रोल पंप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच, डाव्या बाजूला आहेत. इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्डची धग पंपाला आणि नळीला लागते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. पंपावर ओले फडके टाकणे हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून चार बोटे दूर फिरवणे, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवणे, मधला पत्रा जागेवर आहे का ते पाहणे आणि कार्बोरेटरखाली जाड फायबरचे पॅकिंग घालणे. बहुतेक गाड्यांतला मधला पत्रा कोणत्या तरी दुरुस्तीत काढलेला असतो आणि परत बसवलेला नसतो.

आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे, त्यामुळे पंपाचा जुना डायफ्राम, रबरी नळ्या आणि बुचाची पॅकिंग फुगतात, मऊ पडतात. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे संच घ्यावेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतला ओलावा धरते आणि टाकी आतून गंजते. टाकी चालकाच्या सीटखाली आहे, तेव्हा सीट उचलून तिचे सांधे पाहायला विसरू नये. शिसेमुक्त पेट्रोलची भीती मात्र बाळगू नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कंपनीनेच कठीण धातूच्या दिलेल्या आहेत.

गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केस

गिअर बॉक्सला मागून ट्रान्सफर केस चिकटलेली आहे. दोघींमधले बेअरिंग उघडे असल्याने झिजलेल्या जोडीत ऑईल एकीकडून दुसरीकडे सरकते. तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून दोन्हींचे भरण्याचे बूच उघडावे. एकीतून ऑईल बाहेर सांडले आणि दुसरीत बोट घालूनही लागले नाही, तर जोडी झिजलेली समजावी. अशा गाडीत मिस्त्री कोरड्या बाजूला नुसते ऑईल भरत राहतात आणि ते पुन्हा पलीकडे जाते. एका बाजूने सील असलेले बेअरिंग घातले की प्रश्न बराचसा सुटतो. गिअर बॉक्समध्ये साधारण १.४ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये दीड लिटर, दोन्ही डिफरन्शियलमध्ये प्रत्येकी सव्वा लिटर ९० नंबरचे ऑईल लागते. गिअर बॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचे ऑईल घालू नये, त्यातली रसायने पितळी सिंक्रो रिंग खातात.

ट्रान्सफर केसच्या तळाचे झाकण काढले की मधला गिअर उताणे पडून थेट दिसतो. दातांचे कोपरे तुटलेले दिसले तर आधीच्या मालकाने चालत्या गाडीत लो लावलेला आहे. हाताने गिअर वर-खाली हलवावा. हलला तर आतल्या सुया आणि शाफ्ट दोन्ही बदलावे लागतील. गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा खाणारे हे काम नाही, पण भाव पाडायला पुरेसे आहे.

ट्रान्सफर केसचे लिव्हर दोन आहेत. आधी पुढचा अॅक्सल जोडायचा, मगच लो लागतो. उलट क्रमाने जोर लावणाऱ्यांनी कितीतरी फोर्क वाकवले आहेत. मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळू नये. गाडी आखडते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला युजे क्रॉस तुटतो.

स्टिअरिंग

‘जीप हातात राहत नाही’ ही तक्रार ज्या भागामुळे येते त्याकडे मिस्त्रीही सहसा पाहत नाहीत. स्टिअरिंग बॉक्समधून एक दांडी पुढे जाते आणि पुढच्या आडव्या सळईवर बसवलेल्या बेलक्रँकला हलवते. बेलक्रँक पुढे दोन्ही चाकांना वळवतो. त्याची पिन आणि आतल्या सुया ग्रीसवाचून झिजतात.

चाके जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग दोन-तीन इंच डावीकडे-उजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर बोट ठेवावे: बॉक्सचा हात, दांडीची टोके, बेलक्रँक, टाय रॉड एंड. ज्या सांध्याच्या एका बाजूचे बोट हलते आणि दुसऱ्या बाजूचे उशिरा हलते, तिथे खेळ आहे. बेलक्रँक वर-खाली डुलत असेल तर पिन, सुया आणि वॉशर असा पूर्ण संच बदलावा. हे काम अर्ध्या दिवसाचे, पण गाडी निम्मी तरुण होते.

ताशी ४५ ते ६० च्या दरम्यान पुढची चाके थरथरायला लागली तर किंगपिनची बेअरिंग सैल आहेत. शिम (पातळ चकत्या) काढून ती घट्ट करावीत, मग टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून आत कल, एक ते दोन मिलिमीटर ठेवावे. स्टिअरिंगला डॅम्पर बसवून थरथर लपवलेल्या गाड्या विक्रीला येतात. तो सोडून चालवून दाखवा, असे निःसंकोच म्हणावे.

ब्रेक

चारही चाकांना ड्रम, सर्किट एकच, बूस्टर नाही. एक नळी फुटली की पेडल तळाला जाते. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली असल्यामुळे ओढे ओलांडताना त्यात पाणी शिरते. पावसाळ्याआधी आणि नंतर ब्रेक ऑईल बदलावे. हँडब्रेक चाकांना नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमला आहे. त्यामुळे ट्रान्सफर केसचे मागचे सील गळाले की पहिला बळी हँडब्रेक. लायनर बदलून काही उपयोग नाही, आधी सील बदला. घाटात चाकामागे दगड लावायची सवय ठेवावी.

म्हणूनच ही गाडी ६०-६५ च्या पुढे पळवू नये. त्या वेगाला इंजिन सुमारे २५०० आरपीएमवर सुखात असते, ८० ला ते ३१०० च्या पुढे ओरडते आणि थांबायला लागणारे अंतर ब्रेक पुरवत नाहीत. समृद्धीवरच्या १२० च्या रांगेत हिचे काम नाही. लिटरला आठ-नऊ किलोमीटरहून जास्तीची अपेक्षाही ठेवू नये.

सुटे भाग आणि कागद

टिकण्याचे खरे रहस्य इथे आहे. क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, टाय रॉड एंड, बेअरिंग हे भाग काळ्यापिवळ्या जीपांमुळे मोठ्या तालुक्याच्या गावीही मिळतात. हरिकेनचे व्हॉल्व्ह, फायबर गिअर, कार्बोरेटरचे संच दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवावे लागतात. उरलेले लेथवर बनते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांनी चांगले लेथवाले घडवले आहेत. बुश, पिन, शाफ्ट नमुना दाखवून करून घेता येतात. फक्त नमुना म्हणून झिजलेला भाग देऊ नये, झिजलेलाच भाग नवा होऊन येतो. मूळ माप सांगावे.

पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि फिटनेस संपलेली गाडी ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. आधी त्याने करून द्यावी, मग पैसे. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशाच कारणांसाठी रस्त्यावर काढता येते. रानात रोज न्यायची असेल तर हा मार्ग घेऊ नये. मूळ रचनेत केलेले बदल कायद्यात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलेले आहे. म्हणून रोल बार, वाढवलेले पाटे, भलतेच इंजिन असलेल्या गाडीपेक्षा रंग उडालेली मूळ गाडी जास्त किमतीची समजावी.

सौदा झाल्यावर घरी नेण्याआधी एक काम करावे. जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात आणि बोल्टच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो. पंक्चरवाल्याला ते ठाऊक नसते. तो पान्याला पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर देतो आणि बोल्ट मुळातून तुटतो. डाव्या चाकांच्या नटांना लाल रंग लावून ठेवावा, आणि डिकी नसल्यामुळे सीटमागे दोन जादा बोल्ट कापडात गुंडाळून ठेवावेत.